फरशी उलटून पाहिली तर

तालुक्याच्या गावातलं जुनं घर पाडायला काढलं की आधी लाकूड जातं. सागवानी तुळया, खांब, कोरीव चौकटी यांना गिऱ्हाईक तयारच असतं. मग लोखंडी कठडे आणि गज वजनावर विकले जातात. मंगलोरी कौलं उतरवून कुणाच्या तरी गोठ्यावर चढतात. शेवटी उरते फरशी. दिवाणखान्यातली ती लाल, काळ्या, पिवळ्या रंगांची नक्षीची फरशी कुदळीच्या दोन घावांत फुटते आणि राडारोड्याबरोबर ट्रॉलीत पडते. ती उलटून पाहायचं कुणाच्या मनातही येत नाही.

खरं तर अशा घराचा जन्मदाखला बऱ्याचदा तिच्या पाठीवरच असतो. पुढची बाजू सगळ्यांनी पाहिलेली, पायांनी झिजलेली. पाठीवर मात्र कारखान्याचं नाव, कधी गावाचं, कधी देशाचं नाव उठवलेलं सापडतं. त्या एका शब्दावरून घर साधारण केव्हा सजलं, तेव्हा कुठला माल बाजारात होता आणि तो कुठल्या वाटेने आला, याचा अंदाज बांधता येतो. पुणे जिल्ह्यातली शिरूर आणि दौंड ही दोन गावं तर या वाटेवरचीच. एक छावणीचं, दुसरं रेल्वेचं.

मोहरा विलायती, पोट वाड्याचं

राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती. त्या काळातल्या सजवलेल्या इमारतींना आपण सरसकट व्हिक्टोरियन म्हणतो, पण ती काही एकच शैली नव्हे. कुणी जुन्या गॉथिक चर्चची टोकदार कमान उचलली, कुणी इटलीतल्या हवेल्यांचे खांब आणि मनोरे घेतले, कुणी दोन्हींची मिसळ केली. या सगळ्यांना बांधणारा धागा वेगळाच होता, तो म्हणजे कारखान्यात तयार झालेली नक्षी.

त्याआधी नक्षी म्हणजे कारागिराचे दिवस. सुतार जितके दिवस बसेल, पाथरवट जितकी टाकी चालवेल, तितकी नक्षी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा हिशेब बदलला. ग्लासगोच्या ओतशाळांचे जाडजूड कॅटलॉग निघाले. त्यातला कठडा, खांब, घोडा निवडायचा, क्रमांक कळवायचा आणि माल बोटीने यायची वाट पाहायची. फरश्यांचंही तसंच. सोय सगळ्यांची झाली आणि हौसही स्वस्त झाली.

आपल्याकडे ही हौस वाड्याच्या अंगावर चढली. वाड्याची मूळ रचना आत पाहणारी: बाहेरून जाड भिंत, खिडक्या लहान, भक्कम दरवाजात छोटी दिंडी, खरं जगणं आतल्या चौकाभोवती. १८१८ साली पेशवाई संपली. पेंढाऱ्यांची भीती सरली आणि घराला रस्त्याकडे तोंड करण्याची मुभा मिळाली. मग रस्त्याच्या बाजूला सज्जा आला, मोठ्या खिडक्यांना रंगीत काचांची तावदानं आली, छपराच्या कडेला लाकडी झालर लटकली. दरवाजातून आत गेलं की मात्र तीच ओसरी, तेच माजघर, तेच देवघर. खोलीचं माप सांगताना माणसं पूर्वीसारखंच ‘इतके खण’ म्हणत राहिली. भोरच्या संस्थानिकांच्या राजवाड्यात ही जोडी मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळते. तिथे चौक वाड्याचे आहेत आणि अंगावरचा साज युरोपी.

छावणी आणि जंक्शन

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. नदीकाठच्या या गावात पेशवाईच्या अखेरच्या काळातच कंपनी सरकारची छावणी पडली होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी पुण्याकडे निघाली ती इथूनच. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावची लढाई झाली. याच छावणीत १८०९ साली कर्नल विल्यम वॉलेस वारला. त्याच्या थडग्याला आसपासचे लोक ‘सत्पुरुष’ मानून नैवेद्य दाखवत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. परका आला, इथेच राहिला आणि गावाने त्याला आपल्या देवमंडळात जागा देऊन टाकली. फरशीच्या गोष्टीत हे पुन्हा घडणार आहे.

छावणीने गावाला घराचा एक नवा नमुना दाखवला, तो म्हणजे बंगला. शब्द बंगालचा, वापर गोऱ्या अंमलदारांचा. उंच जोतं, चहूबाजूंनी व्हरांडा, भोवती मोकळी जागा, आत एकाला लागून एक खोल्या. वाड्यातला चौक घराच्या पोटात असतो. बंगल्यात तीच मोकळी जागा घराच्या बाहेर काढलेली असते.

दौंडचं कूळ वेगळं. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लोहमार्ग भीमेकाठच्या या गावापुढे गेला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘धोंड’. तेव्हा बोरघाटातला मार्ग व्हायचा होता. मुंबईहून येणारा माल घाटाच्या पायथ्याशी उतरवायचा, बैलगाडीने किंवा हमालांकरवी वर चढवायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत भरायचा. २१ एप्रिल १८६३ ला घाटमार्ग खुला झाला आणि ही उतरवाउतरव थांबली. फुटणाऱ्या मालासाठी हा दिवस फार मोलाचा होता.

पुढे १८७१ पर्यंत रूळ सोलापूरमार्गे रायचूरला पोचले. वाटेत शहाबाद लागतं. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. शिरूरला मात्र आजही रेल्वे नाही. त्याच्यासाठी जड माल पुण्याला, दौंडला किंवा नगरला उतरायचा आणि तिथून गाडीवाटेने यायचा.

आता या नकाशावर एक घर ठेवून पाहा. दिवाणखान्याची नक्षीदार फरशी मुंबईच्या बंदरातून, म्हणजे पश्चिमेकडून येते. स्वयंपाकघराची, न्हाणीची, परसदाराची राखाडी शहाबादी फरशी पूर्वेकडून येते. दोन्ही एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांकडून दौंडला पोचतात आणि एकाच घरात, मधला उंबरा ओलांडला की एकमेकींना भेटतात. पाहुण्यांना विलायती, घरच्यांना शहाबादी. घरातली उतरंड जमिनीवरच लिहिलेली.

वजनाचाही अंदाज घेऊ. सहा इंची चौरस फरश्या एका चौरस फुटाला चार लागतात. बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीला झाल्या ७२०. त्या काळची इंचभर जाडीची भाजक्या मातीची एक फरशी सव्वा किलोच्या आसपास भरते. म्हणजे एका खोलीला जवळजवळ नऊशे किलो माती, तीही समुद्रापलीकडून. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला नसता आणि घाटात रेल्वे चढली नसती, तर हा थाट मुंबईबाहेर फारसा पडला नसता.

मातीत माती

विलायती फरशीची गंमत तिच्या नक्षीत आहे, कारण ती रंगवलेली नसते. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन मठांत भिक्षू आणि कारागीर एका रंगाच्या मातीत दुसऱ्या रंगाची माती भरून फरशी भाजत. सोळाव्या शतकात मठ मोडले आणि ही कलाही विसरली गेली. १८३० मध्ये सॅम्युअल राइट याने त्या पद्धतीचं पेटंट घेतलं. स्टोक-ऑन-ट्रेंटचा हर्बर्ट मिंटन त्यात उतरला आणि त्याने प्रयोगांत बराच पैसा घातला. माती भाजताना आकसते. दोन जातींची माती वेगवेगळी आकसली की नक्षी तडकते. हे जमवायलाच वर्षं गेली.

कृती अशी. प्लॅस्टरच्या साच्यात नक्षी उठावाची असते. त्यावर ओली माती दाबली की फरशीत नक्षीच्या जागी खळगे पडतात. त्यांत दुसऱ्या रंगाची पातळ माती ओततात. वाळली की वरचा थर खरवडून सपाट करतात, तेव्हा नक्षीची रेघ स्वच्छ दिसू लागते. मग भट्टी. रंग दोन-तीन मिलिमीटर खोल गेलेला असल्यामुळे पन्नास वर्षं पावलं पडली तरी फरशी झिजते, नक्षी जात नाही.

१८४० मध्ये रिचर्ड प्रॉसरने दुसरी युक्ती काढली, तीही बटणं बनवण्यासाठी. ओल्या मातीऐवजी जवळजवळ कोरडी भुकटी जबर दाबाखाली साच्यात दाबायची. मिंटनने ती फरशीला लावली. चौकोन, त्रिकोण, अष्टकोन असे एकेका रंगाचे तुकडे झरझर निघू लागले. जमिनीवर ते जुळवले की मधे गालिचा आणि कडेने किनार तयार व्हायची. आपल्या डोळ्याला ही रचना नवी नव्हतीच. काठ वेगळा, अंगभर बुट्टे, मधे मोठं फूल. लुगड्याची जाण असलेल्या घराला असा गालिचा निवडायला कितीसा वेळ लागणार?

वास्तुकार ऑगस्टस प्युजिनने मिंटनसाठी नमुने काढले आणि लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीत या फरश्या बसल्या. तिथून त्या साम्राज्यभर गेल्या. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये विलायती नक्षीच्या फरश्या आहेत. या चर्चचा पावित्र्यसंस्कार १८५८ चा. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, म्हणजे १८७२ मध्ये खुलं झालेलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, तर मिंटनच्या फरशीसाठीच पाहावं. ओतीव लोखंडी खांब, सोनेरी छत आणि खाली दीडशे वर्षांची नक्षी. २००८ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारानंतर ती पुन्हा खुलली आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ मध्ये पुरं झालं. दौंडच्या माणसाला मुंबईत उतरल्यावर पहिली भेटणारी व्हिक्टोरियन इमारत तीच. तिकिटाच्या रांगेत उभं राहून त्याने वर पाहिलं असेल, खालीही पाहिलं असेल, आणि घरी परतताना आपल्या ओसरीचं माप मनात घेतलं असेल.

पैसा कुणाचा?

अशी घरं कुणी बांधली, हा प्रश्न टाळून चालत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच उमेदीत १८६४ मध्ये पुण्याजवळ गणेशखिंडीत गव्हर्नरच्या वाड्याचं काम सुरू झालं. तो उंच मनोऱ्याचा महाल आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि तेजीत काढलेलं कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिलं.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी एका कर्जदाराचं घर घेण्याचा कोर्टाचा हुकूम सावकाराने आणला. गाव बिथरलं. सावकाराच्या शेतात राबायला, त्याची हजामत करायला, त्याचं पाणी भरायला कुणी जाईना. १२ मे १८७५ ला सुपे इथे त्या असंतोषाचा भडका उडाला आणि दंग्याचं लोण दोन जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात ते ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदलं गेलं. लोकांना हव्या होत्या त्या खतावण्या आणि कर्जरोखे. ते जाळले की बहुतेक ठिकाणी जमाव शांत होई.

ठिणगी पडली ती एका घरावरून. तेव्हा गावातल्या साध्या घराची जमीन शेणाने सारवलेली असे, छप्पर धाब्याचं नाहीतर गवताचं. त्याच काळात पेठेतल्या काही ओसऱ्यांवर कारखान्यातली नक्षी पसरू लागली होती. सजवलेलं प्रत्येक घर सावकारीवरच उभं राहिलं, असं नव्हे. व्यापार होता, ठेकेदारी होती, वकिली होती, रेल्वेची नोकरी होती. पण फरशीचं कौतुक करताना तिच्या किमतीचा दुसरा हिशेबही डोळ्याआड करू नये.

भिंतीवर देव

जमिनीची फरशी खरखरीत, बिनचकाकीची. भिंतीची मात्र काचेसारखी चकचकीत. दोघींची कामं निराळी. भिंतीवरच्या उठावाच्या, रंगीत झिलईच्या फरशीला मॅजोलिका म्हणतात. उठावामुळे झिलई खोलगट जागी साचते, तिथे रंग गडद दिसतो आणि उंचवट्यावर फिका. एकाच हिरव्या रंगात पानाची शीर आणि सावली दोन्ही मिळतात. ओसरीच्या भिंतीचा कमरेएवढा पट्टा, जिन्याच्या पायरीचा उभा भाग, तुळशीवृंदावनाच्या बाजू या तिच्या आवडत्या जागा.

१८९६ मध्ये मुंबईत आणि लगोलग पुण्यात प्लेग आला. मातीची जमीन, उंदरांची बिळं, अंधाऱ्या खोल्या यांच्याकडे लोक संशयाने पाहू लागले. धुता येणारी भिंत आणि बीळ न पडणारी जमीन ही मिरवण्याची गोष्ट होती, ती आता आरोग्याचीही झाली.

विसाव्या शतकात या बाजारात जपान उतरला. विलायती नमुन्यांवर बेतलेल्या, पण स्वस्त अशा जपानी मॅजोलिका फरश्या विशेषतः १९२० आणि १९३० च्या दशकांत भारतात भरपूर आल्या. जपानी कारखानदारांनी इथल्या गिऱ्हाइकाची नाडी नेमकी ओळखली होती. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथून निघालेल्या देवादिकांच्या चित्रांनी घरोघरच्या भिंती भरल्या होत्या. जपानी फरश्यांवरही त्याच धाटणीची लक्ष्मी, सरस्वती आणि मुरलीधर कृष्ण अवतरले. ही फरशी जमिनीवर बसणं शक्यच नव्हतं. देवाला पाय कसा लावणार? ती देवघराच्या भिंतीवर किंवा दरवाजाच्या वर गेली. इंग्लंडमधली कला, जपानी भट्टी, केरळच्या चित्रकाराने रुजवलेलं देवाचं रूप आणि त्यापुढे मराठी घरातली उदबत्ती. छावणीतल्या कर्नलला सत्पुरुष करणाऱ्या मुलखाला यात नवल वाटलं नसावं.

भट्टीशिवायची स्वदेशी

परदेशी मालाला उत्तरही इथेच तयार झालं. १९२२ मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या विचाराने भारत टाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना उरणचा. तिची फरशी भाजलेल्या मातीची नव्हे, सिमेंटची. या पद्धतीचा जन्म एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधला.

पोलादी चौकटीत पितळी पट्ट्यांची जाळी ठेवतात. जाळीच्या एकेका कप्प्यात पळीने वेगवेगळ्या रंगाचं पातळ सिमेंट ओततात. जाळी अलगद उचलली की रंग शेजारी शेजारी उभे राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. वर कोरडं सिमेंट आणि वाळूचा थर, मग जबरदस्त दाब. भट्टी नाही, कोळसा नाही. फरशी पाण्यात मुरवली की सिमेंट आपोआप घट्ट होतं. लाकूडफाटा आणि कोळसा वाचला, बोटीचं भाडंही वाचलं. अशा रंगीत फरशीला देशावर कुणी नक्षीची फरशी म्हणतं, मुंबई-कोकणात लादी. आज आपण ‘जुन्या काळची’ म्हणून हळहळतो त्यातली बरीचशी हीच आहे. राणीच्या निधनानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, स्वदेशीच्या दिवसांत घातलेली ‘व्हिक्टोरियन’ फरशी.

ओळखावी कशी, जपावी कशी

फुटकी कड हाती आली तर निम्मं काम झालं. कडेला दोन रंगांची भाजकी माती थर लावून दिसली, तर ती मिंटनच्या पद्धतीची. वर काही मिलिमीटर रंग आणि खाली राखाडी सिमेंट-वाळू दिसली, तर ती सिमेंटची. पाठीवर आडव्या-उभ्या खाचा, पुढे काचेसारखी झिलई आणि हाताला उठाव लागला, तर मॅजोलिका. रंग नुसता कागदासारखा वर चिकटलेला असेल, तर ती अलीकडची छापील.

जपण्याचा नियम सोपा आहे: आम्लापासून लांब ठेवा. लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि डाग काढायला म्हणून आणलेलं अ‍ॅसिड सिमेंटच्या फरशीचा वरचा थर खाऊन टाकतात. सौम्य साबणाचं कोमट पाणी पुरतं. जमीन उखडायचीच वेळ आली, तर आधी खालचा गिलावा पाहा. चुन्यात बसवलेली फरशी पातळ पत्ती सरकवून अखंड निघते. पुढे कुणी सिमेंटात पक्की केली असेल, तर सहसा फुटतेच. जुन्या गवंड्यांचा चुना मऊ होता. त्याची ही एक न सांगितलेली देणगी.

शिरूर-दौंडकडे आता रस्ते रुंद होत आहेत, पेठेतल्या जागांचे भाव चढत आहेत. प्रत्येक जुनं घर वाचणार नाही आणि प्रत्येक घर वाचवण्याच्या लायकीचं असतं असंही नाही. पण कुदळ पडण्याआधी एक फरशी तरी शाबूत काढावी, धुवावी, उलटावी आणि पाठीवरची अक्षरं वाचावीत. सातबारा, खरेदीखत आणि फेरफाराचे उतारे ज्या कपाटात असतात, तिथेच तिला ठेवावं. थोडी जड आहे, पण तिच्यावरचं लिहिलेलं पुसत नाही.